इतिहासात एम.ए. करायचं, पण कुठं? : एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं आहे. विद्यार्थिनी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. तेव्हा ती शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुख्य विषय इतिहास, माध्यम मराठी. तिचं नाव, गाव आणि कॉलेज इथं दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी तिला इतिहास शिकवत होते. अर्ज भरण्यापासून शेवटच्या निवडीपर्यंतचा सगळा प्रवास मी जवळून पाहिला.

कुटुंब धनगर, व्यवसाय मेंढपाळीचा. दिवाळी झाली की आई-वडील वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात उतरतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि मृगाच्या सुमारास परततात. मुलगी गावात आजी-आजोबांजवळ राहून शिकली. पदवीपर्यंत पोचलेली घरातली ती पहिलीच.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं आजोबांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. कुठल्या वाटेनं जायचे, चराई कुठं भरावी लागायची, कुठलं कुरण कधी बंद झालं. हे लिहिताना तिच्या लक्षात आलं की आजोबांच्या वडिलांच्या काळात हा मुलूख एकाच राजवटीखाली नव्हता. सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन इंग्रजी अमलात गेलं होतं, आटपाडी औंध संस्थानात होती, वरच्या अंगाला फलटण होतं, खाली जत. मेंढरं ही सगळी हद्द ओलांडून जायची. मग प्रत्येक हद्दीत चराई वेगळी द्यावी लागायची का? १८७८ चा वन कायदा आल्यावर कुठली कुरणं सरकारी जंगलात धरली गेली? पेशवाईतली वनचराई आणि इंग्रजांची चराई फी यांत मेंढपाळाच्या दृष्टीनं काय फरक पडला?

तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत या प्रश्नांनी तिचा पिच्छा पुरवला होता. एम.ए. करायचं ते यासाठीच, असं ती स्पष्ट म्हणायची. पदव्युत्तर प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांमध्ये इतकी स्पष्टता क्वचित दिसते. पुढच्या सगळ्या निर्णयांत तीच कामी आली.

अडचण

घरचा विरोध असा नव्हता. वडील मला म्हणाले, “मॅडम, पोरीनं शिकावं, माझी ना न्हाई. पण दिल्लीला कुणाच्या भरवशावर धाडू?” मामांचं म्हणणं वेगळं होतं. इतिहासच शिकायचा तर एमपीएससीची तयारी कर, तिथंही इतिहास आहेच, एम.ए. बाहेरून होईल. गावातल्या दोन मुली पोलीस भरतीत लागल्या होत्या, त्यामुळे मामांच्या बोलण्याला वजन होतं.

खरी अडचण मात्र वेळापत्रकाची, कागदांची आणि भाषेची होती. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा एनटीए, म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी, घेते. २०२४ च्या परीक्षेचे फॉर्म डिसेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाले, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बंद झाले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. नेमके हेच महिने आई-वडील वाड्याबरोबर बाहेर होते, आणि उत्पन्नाच्या दाखल्यापासून प्रत्येक कागदाला वडिलांची सही लागत होती. त्यात इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत. तीन वर्षं मराठीत शिकलेल्या मुलीला परीक्षेत मराठीचा आधारच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दिल्ली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात एम.ए.ला प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक अशा वेगळ्या शाखा आहेत. रोमिला थापर, बिपन चंद्र, सर्वपल्ली गोपाल, सतीश चंद्र अशांनी ते केंद्र उभं केलं. फी फार थोडी. खर्च येतो तो राहण्या-जेवणाचा, आणि वसतिगृह मिळेलच याची हमी नसते. दिल्ली विद्यापीठाचं एम.ए. इतिहासही याच परीक्षेच्या गुणांवर मिळतं, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. सीयूईटीचे गुण आले म्हणजे प्रवेश झाला, असा पुष्कळ मुलांचा समज असतो. तसं नसतं. गुण आल्यावर प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म स्वतंत्र भरावा लागतो, प्रत्येकाच्या तारखा निराळ्या असतात आणि याद्या फेऱ्याफेऱ्यांनी लागतात.

दुसरा पर्याय हैदराबाद विद्यापीठ. तेही केंद्रीय आणि त्याच परीक्षेवर. शिकवणं इंग्रजीत, अंतर दिल्लीपेक्षा कितीतरी कमी. तेलंगणात कुरुमा हा मेंढपाळ समाज आहे, त्यामुळे तुलनेलाही वाव होता. हा मुद्दा तिनं स्वतः शोधून काढला, मला सुचला नव्हता.

तिसरा पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांत प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेवर होतो, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. चौथा कोल्हापूर : घराजवळ, ओळखीचं विद्यापीठ, कमी खर्च, शिवाय करवीर संस्थानच्या कागदांचं पुराभिलेखागार तिथंच.

मामांचा बाहेरून एम.ए.चा पर्यायही आम्ही नीट तपासला. इग्नूचं एम.ए. इतिहास हिंदी-इंग्रजीत आहे आणि त्याचं साहित्य उत्तम आहे. पण तिला दफ्तरखान्यात बसायला शिकायचं होतं, आणि ते घरी बसून जमत नाही. पर्याय बाद झाला. इग्नूच्या पुस्तिका मात्र ई-ज्ञानकोशावरून मोफत उतरवून तिनं परीक्षेसाठी वापरल्या.

कागदपत्रं : पहिला निर्णयबिंदू

ग्रामीण भागातल्या मुलांचे प्रवेश जिथं अडतात ती जागा ही, म्हणून इथं थोडं थांबते.

महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) या प्रवर्गात येतो. राज्याच्या संस्थांत त्याला ३.५ टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत भटक्या जमाती असा वेगळा प्रवर्गच नाही. तिथं धनगर इतर मागासवर्गात, म्हणजे २७ टक्क्यांच्या ओबीसी प्रवर्गात मोडतात. एनटी-सीचा दाखला हातात असलेल्या मुलीला सीयूईटीच्या फॉर्मवर एनटी हा पर्याय दिसत नाही. अशा वेळी काही मुलं घाबरून सर्वसाधारण गटातून फॉर्म भरतात आणि हक्काची जागा तिथंच हातची जाते.

तिनं फॉर्ममध्ये ओबीसी-एनसीएल, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, निवडलं. पण प्रवेशाच्या वेळी राज्याचा दाखला चालत नाही. केंद्रीय नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, त्यात नॉन-क्रिमीलेअरचा उल्लेख असतो आणि ते साधारणपणे चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे ३१ मार्चनंतर दिलेलं असावं लागतं. जानेवारीत घाई करून काढलेलं प्रमाणपत्र जूनमध्ये जुनं ठरू शकतं. त्यामुळे आम्ही दोन टप्पे केले. जानेवारीत वडील कराडजवळच्या मुक्कामावरून एसटीनं एका दिवसासाठी गावी आले. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला आणि स्वयंघोषणापत्रावरच्या सह्या त्याच दिवशी उरकल्या. केंद्रीय नमुन्यातल्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र एप्रिल लागल्यावर सेतूतून प्रांत कार्यालयाकडं गेला, आणि याद्या लागायच्या आत प्रमाणपत्र हातात पडलं.

परीक्षेची भाषा : दुसरा निर्णयबिंदू

पेपर ७५ प्रश्नांचा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्या उत्तराला १ गुण वजा. २०२४ मध्ये वेळ १०५ मिनिटं होता. पुढच्या वर्षी तो ९० मिनिटांवर आला.

तिचा पहिला विचार हिंदीतून पेपर सोडवायचा. देवनागरी लिपी, ओळखीचे शब्द. पहिल्याच सराव पेपरात तो फसला. मराठीत आपण तैनाती फौज म्हणतो ती हिंदी पेपरात ‘सहायक संधि’ म्हणून येते. खालसा धोरणाला तिथं ‘व्यपगत सिद्धांत’ म्हणतात, कायमधाऱ्याला ‘स्थायी बंदोबस्त’, सविनय कायदेभंगाला ‘सविनय अवज्ञा’. उत्तर माहीत असूनही प्रश्न कळायला वेळ जात होता. निव्वळ इंग्रजीत सोडवावं तर वेग आणखी मंदावत होता.

तोडगा तिनंच काढला. एका वहीत तीन रकाने पाडले : मराठी, हिंदी, इंग्रजी. प्रत्येक घटकाच्या संज्ञा समोरासमोर. पेपर दुभाषिक असल्यानं ती प्रश्न हिंदीत वाचायची आणि संज्ञेला अडखळली की इंग्रजी पाहायची. परीक्षा जवळ आली तेव्हा तिचा वेग पुरेसा वाढला होता.

अभ्यासक्रमातली तफावत मोठी होती. आपल्याकडच्या बी.ए.त मराठ्यांचा इतिहास आणि आधुनिक महाराष्ट्र यांवर भर असतो. राष्ट्रीय पेपरात हडप्पा, मौर्य, दिल्ली सल्तनत, विजयनगर, मुघल प्रशासन यांना भरपूर जागा. कालक्रम लावा, जोड्या लावा, विधान आणि कारण ओळखा, असे प्रश्न. अडीच महिन्यांत सगळं होणार नव्हतं. तिनं प्राचीन भारत एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकांवरून पक्का केला, मध्ययुग निवडक वाचलं आणि खात्री नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा नियम पाळला. कॉलेजच्या संगणक कक्षात दर शनिवारी सराव पेपर. पडद्यावर परीक्षा देण्याचा तिचा हा पहिलाच अनुभव होता, आणि हातात पेन नसताना विचार कसा करायचा हेही शिकावंच लागतं.

निकाल आणि शेवटची निवड

एप्रिलमध्ये गुण आले. वाईट नव्हते, फार चांगलेही नव्हते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आधुनिक इतिहासाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. दिल्ली विद्यापीठाची नोंदणी तिनं केलीच नव्हती. एवढ्या लांब घरचे पाठवणार नाहीत असं तिनं मनाशी धरलं होतं. कोल्हापूरला प्रवेश निश्चित होता. पुण्याच्या परीक्षेत ती यादीत बसली. आणि पुण्याची फी भरण्याच्या तोंडावर हैदराबादच्या नंतरच्या फेरीत ओबीसी गटातून तिचं नाव लागलं.

या टप्प्यावर जो-तो तिला एकच विचारत होता : दोन्हीतलं मोठं विद्यापीठ कुठलं? मला तो प्रश्नच गैरलागू वाटत होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आधी पाहायचं ते हे की आपल्या प्रश्नाचे कागद कुठं आहेत, कुठल्या भाषेत आणि लिपीत आहेत, आणि ते वाचायला शिकवणारं माणूस जवळपास आहे का. आम्ही त्या अंगानं विचार केला.

तिच्या प्रश्नाचा पेशवेकालीन भाग मोडीत आहे आणि त्यातला मोठा साठा पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले; ते देवनागरीत असल्यानं मोडी येण्याआधीच वाचायला सुरुवात करता येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या पुढाकारानं १९१० मध्ये उभं राहिलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे आणि तिथं मोडीचे वर्ग चालतात. धनगरांच्या ओव्या आणि देवतांवर आयुष्यभर काम केलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर हेही पुण्याशी जोडलेले होते. त्यामुळे तिचा विषय तिथल्या अभ्यासकांना नवखा वाटणार नव्हता.

हैदराबादची बाजूही हलकी नव्हती. तिच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे १८४८ नंतरचा, इंग्रजीत आहे : महसुली मोजणीचे अहवाल, वन खात्याचा पत्रव्यवहार, १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर. हैदराबादला इंग्रजी वाचण्या-लिहिण्याची सवय दोन वर्षांत अंगवळणी पडली असती, देशभरातल्या मुलांबरोबर चर्चेत बसायला मिळालं असतं. पुढं संशोधनाच्या अर्जात त्याचा उपयोग असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका माजी विद्यार्थिनीनं फोनवर वडिलांना तिथल्या वसतिगृहाबद्दल सविस्तर सांगितलं आणि वडील चक्क तयार झाले. त्यामुळे निर्णय घरच्यांच्या भीतीवर अडला नाही. तो पूर्णपणे तिचा राहिला.

तिनं पुणे निवडलं. कारण तिनं एका वाक्यात सांगितलं : इंग्रजी कुठंही शिकता येईल, मोडी हैदराबादला कोण शिकवणार? मला ते पटलं. सोबत तिनं स्वतःवर एक अट घातली, पहिल्या वर्षात सातारा गॅझेटियर मूळ इंग्रजीतून पुरं वाचायचं.

पुढं काय झालं

सुरुवातीचे काही महिने ती पुण्यात कॉट बेसिसवर राहिली, मग वसतिगृह मिळालं. कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेतल्या कामातून हातखर्च निघू लागला. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीनं फीचा भार हलका केला. प्रवेशाच्या त्याच दिवसांत, जुलै २०२४ मध्ये, मुलींना संपूर्ण फी माफ झाल्याची बातमी गावभर फिरली होती. तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, एम.ए. इतिहास त्यात येत नाही. बातमीवर विसंबून घरच्यांनी पैशांची तजवीज थांबवली नाही, हे बरं झालं.

मोडीचा वर्ग तिनं पहिल्याच वर्षी केला. मुळाक्षरं लवकर आली. पेशवेकालीन लपेटीचं, म्हणजे हात न उचलता लिहिलेलं, वळण वाचायला मात्र बराच काळ गेला. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, संक्षेप ठायीठायी. त्यामानानं आंग्लकालीन वळण तिला सोपं गेलं. गॅझेटियर तिनं शब्दकोश जवळ ठेवून वाचलं आणि धनगरांवरच्या पानांत तिला पहिल्यांदा जाणवलं की लिहिणारा अधिकारी मेंढपाळाकडं कर भरणारा किंवा नुकसान करणारा, याच दोन रूपांत पाहतो. ही नोंद तिच्या कामाचा पाया ठरली.

विषय आखताना मार्गदर्शकांनी काळ कमी करायला लावला. पेशवाईपासून स्वातंत्र्यापर्यंतचा पट एम.ए.च्या प्रबंधात मावत नाही. आता तिचं काम १८४८ ते १८७८, सातारा खालसा झाल्यापासून वन कायद्यापर्यंत, आणि तेही दोनच तालुक्यांपुरतं आहे. आजोबांनी सांगितलेली एका कुरणाची बंदी कागदांत त्यांच्या सांगण्यापेक्षा बरीच अलीकडची निघाली. आजोबांची आठवण चुकीची असं मानून ती सोडून द्यायची, की दोन वेगळ्या बंद्या एकात मिसळल्या असतील का ते तपासायचं, यावर ती सध्या विचार करते आहे. इतिहासाचं शिक्षण म्हणतात ते हेच, आणि ते तिला मिळतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

इंग्रजी लेखनात ती अजून मागं आहे. वाचन सुधारलं, पण चार पानांचा निबंध लिहायला तिला मराठीच्या तिप्पट वेळ लागतो. हैदराबाद सोडल्याची ही किंमत तिला ठाऊक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दिल्ली विद्यापीठाचा फॉर्म भरायला हवा होता. जागा मिळाली असती की नाही हा पुढचा भाग. घरचे नाही म्हणतील असं गृहीत धरून एक दार आधीच बंद झालं. हैदराबादच्या वेळी दिसलं की वडिलांना अंतराची भीती तितकी नव्हती, माहिती नसण्याची होती. तो फोन जूनऐवजी डिसेंबरमध्ये झाला असता तर निवडीला आणखी एक नाव असतं. मेंढपाळ आई-वडिलांशी असं बोलणं दिवाळीच्या आधी, वाडा निघण्यापूर्वी व्हायला हवं, कारण नंतर ते फक्त फोनवर भेटतात.

जात पडताळणी आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची सुरुवात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षीच करता येते. तसं झालं असतं तर जानेवारीतली धावपळ टळली असती आणि वडिलांची एका दिवसाची खेपही. आता आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग असे दोन रकाने भरायला सांगतो. विजाभज (विमुक्त जाती आणि भटक्या जमाती) आणि विशेष मागास प्रवर्गातल्या कितीतरी मुलांना आपली जात केंद्राच्या यादीत कुठं आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

तीन रकान्यांची वही पहिल्या वर्षापासून सुरू व्हायला हवी. यूजीसी-नेटचा इतिहासाचा पेपरही हिंदी-इंग्रजीतच असतो, त्यामुळे ती वही तिला आजही लागते आहे. हिंदीचा रकाना भरला, इंग्रजीचा अजून वाढतो आहे. पीएच.डी.साठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती मिळवायची तिची इच्छा आहे. त्या अर्जासाठी लागणारे दाखले तिनं या वेळी वाडा निघण्याआधीच, दिवाळीच्या सुट्टीत, वडिलांना सोबत घेऊन काढून ठेवले.